पळून जायला रस्ता पुरत नाही

31 मे 2013, शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, एल रेनो गावाच्या दक्षिणेला, सहा वाजून तीन मिनिटांनी एक टोर्नॅडो जमिनीला टेकला आणि चाळीस मिनिटांनी विरून गेला. तेवढ्या वेळात त्याची रुंदी 4.2 किलोमीटरपर्यंत वाढली. इतका रुंद टोर्नॅडो त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता, आणि त्यानंतरही नाही. ट्रकवर बसवलेल्या रडारने त्याच्या पोटातले वारे ताशी 470 किलोमीटरच्याही वर मोजले. वाटेत होती ती शेतं, गुरांची कुरणं आणि मधूनच एखादं घर. एवढ्या मोकळ्या रानात आठ माणसं दगावली, आणि ती आठही जण मोटारींमध्ये होती.

त्याच वेळी पूर्वेला ओक्लाहोमा सिटी आणि तिची उपनगरं घर सोडून रस्त्यावर आली होती. त्यामागचं कारण अकरा दिवस जुनं होतं. 20 मे रोजी याच शहराला खेटून असलेल्या मूर गावावरून सर्वांत वरच्या श्रेणीचा टोर्नॅडो गेला होता. त्यात 24 माणसं मेली आणि त्यांपैकी सात प्लाझा टॉवर्स या प्राथमिक शाळेतली मुलं होती. घराच्या जागी उरलेल्या सिमेंटच्या ओट्यांची दृश्यं लोकांनी दिवसरात्र पाहिली होती. त्यामुळे पुन्हा आकाश काळवंडलं, तेव्हा हजारो कुटुंबांनी मुलांना उचललं, किल्ल्या घेतल्या आणि गाडी काढली. एका स्थानिक वाहिनीच्या हवामानतज्ज्ञाने तर थेट प्रक्षेपणात सांगितलं, की जमिनीखाली जागा नसेल तर दक्षिणेकडे निघा. शुक्रवारी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी होतीच. बघता बघता आंतरराज्य महामार्ग 35 आणि 40 तुंबले. काहींनी उलट्या दिशेच्या मार्गिकेत गाड्या घातल्या. टोर्नॅडो शहराच्या दाट वस्तीपर्यंत पोचण्याआधीच विरला. तो विरला नसता तर काय झालं असतं, या विचाराने तिथले हवामानशास्त्रज्ञ आजही अस्वस्थ होतात.

त्या रात्रीचा कहर मात्र तिथे थांबला नाही. टोर्नॅडो संपल्यावर शहरावर पाऊस कोसळला. जमिनीखाली जायचं हे मनावर पक्कं बिंबलेल्या काही जणांनी पावसाळी पाण्याच्या नाल्यांत, बोगद्यांत आसरा घेतला होता. लोंढा आला आणि ते वाहून गेले. त्या रात्री पुराने जितके बळी घेतले, तितके टोर्नॅडोनेही घेतले नव्हते.

या घटनेवर नंतर खूप चर्चा झाली आणि तिचा सूर बहुतेकदा एकच होता : लोकांनी घाबरून मूर्खपणा केला. मला तो सूर मान्य नाही. गाडीत बसून पळणं धोक्याचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जो बाप दोन मुलांना मागच्या सीटवर बसवून निघतो, तो बेफिकीर म्हणून निघत नाही. घरात त्यांना ठेवायला त्याच्याकडे भरवशाची जागा नसते. गाडी पळते आहे एवढंच आपल्याला दिसतं. जी खोली कुणी बांधलीच नाही, तिची गैरहजेरी दिसत नाही. म्हणून दोष गाडी चालवणाऱ्याच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो.

आधी धोका नीट समजून घेऊ. टोर्नॅडोत माणसं वाऱ्याने मरतात त्याहून जास्त वाऱ्यावर उडणाऱ्या वस्तूंनी मरतात. छपराचे वासे, पत्रे, विटा, झाडांच्या फांद्या, दुसऱ्यांच्या गाड्या. घराच्या आतल्या न्हाणीघरात बसलेल्या माणसाच्या आणि त्या वाशाच्या मध्ये निदान दोन-तीन भिंती असतात. गाडीतल्या माणसाला चारही बाजूंनी काच असते. शिवाय गाडीचा तळ जमिनीपासून वर असतो. वारा खालून शिरला की ती उचलली जाते, आडवी होते, लोळत जाते. एल रेनोला हवामानाची बातमी देणाऱ्या एका वाहिनीची मोठी एसयूव्ही वाऱ्याने सुमारे 180 मीटर फेकली होती. आतली माणसं पट्टे बांधून बसली होती, म्हणून जखमी झाली तरी वाचली.

दुसरी अडचण दिसण्याची. चित्रपटातला टोर्नॅडो दूरवर, मोकळ्या आकाशासमोर, सोंडेसारखा दिसतो. प्रत्यक्षात कित्येकदा तो पावसाच्या पडद्याआड असतो आणि ड्रायव्हरला समोर फक्त करडी भिंत दिसते. रात्री तर तीही दिसत नाही. आणि तो सरळ जातोच असं नाही. एल रेनोचा टोर्नॅडो आधी आग्नेयेकडे सरकत होता, मग तो पूर्वेकडे आणि पुढे ईशान्येकडे वळला, वळताना फुगला आणि त्याचा वेगही वाढला. टोर्नॅडोचे अभ्यासक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्याच वेळी उत्तरेच्या एका कच्च्या रस्त्यावर होते. समारस हे हौसेखातर वादळामागे धावणारे गृहस्थ नव्हते. 2003 मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टर इथे त्यांनी टोर्नॅडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्राने हवेच्या दाबात 100 मिलिबारची घट टिपली होती. तोवर असं मापन कुणाला जमलं नव्हतं. आपल्या क्षेत्रातला अतिशय सावध माणूस म्हणून ते ओळखले जात. तिघेही त्यांच्या छोट्या मोटारीसह गेले. आयुष्यभर टोर्नॅडोचा अभ्यास केलेल्या माणसाला जे साधलं नाही, ते वाहतुकीत अडकलेल्या कुटुंबाला साधेल अशी अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

गाडीतून पळणं धोक्याचं असल्याचा पुरावा बराच जुना आहे. 10 एप्रिल 1979 रोजी टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स शहरात टोर्नॅडोने 42 बळी घेतले. नंतर अभ्यासकांनी प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. 25 मृत्यू वाहनांशी निगडित निघाले. त्यांपैकी 16 जण टोर्नॅडो चुकवण्यासाठी घरातून बाहेर पडून गाडीत बसले होते. आणि या 16 पैकी 11 जणांच्या घरांचं फारसं नुकसान झालंच नव्हतं. म्हणजे ते घरीच थांबले असते, तर संध्याकाळी शेजाऱ्यांच्या अंगणातली पडझड आवरायला हात लावत असते. गाडीने पळू नका हा अमेरिकेतला सरकारी सल्ला पक्का होण्यात विचिटा फॉल्सचा मोठा वाटा आहे.

पण विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे आणि तो डावलून चालणार नाही. 3 मे 1999 रोजी याच मूर परिसरावरून असाच भीषण टोर्नॅडो गेला आणि 36 जणांचा बळी घेऊन गेला. ज्या घरांची सर्वाधिक नासधूस झाली, तिथल्या रहिवाशांना संशोधकांनी नंतर गाठलं. त्यांच्यातले जवळपास निम्मे टोर्नॅडो येण्याआधी घर सोडून निघाले होते, बहुतेक गाडीने, आणि निघालेल्यांपैकी कुणालाही इजा झाली नव्हती. केंट स्टेट विद्यापीठाचे टॉमस श्मिडलिन यांनी पुढे असं दाखवून दिलं, की मध्यम ताकदीच्या टोर्नॅडोने झोडपलेल्या घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी 96 टक्के उलटल्याच नव्हत्या. मोबाइल होममध्ये, म्हणजे जमिनीला धड न जखडलेल्या हलक्या घरात, बसून राहण्यापेक्षा मोटार बरी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. अशा संशोधनामुळेच पुढे 2009 मध्ये हवामान खातं आणि रेडक्रॉस यांनी आपला जुना सल्ला सुधारला. आधी गाडी सोडून चरात पडा असं सरसकट सांगितलं जायचं. आता उडत्या वस्तूंनी गाठलंच, तर पट्टा बांधून, डोकं काचेच्या खाली घेऊन, हातांनी आणि कपड्याने झाकून गाडीतच राहणं हाही एक पर्याय मानला जातो.

मग 1999 ला जे जमलं, ते 2013 ला का जमलं नाही? माझ्या मते सगळा वाद या प्रश्नापाशी येऊन थांबतो. 1999 चा टोर्नॅडो दिवसाउजेडी आला, स्पष्ट दिसत होता, सुमारे 60 किलोमीटर अंतर त्याने जवळपास दीड तास घेऊन कापलं आणि हेलिकॉप्टरमधून त्याचं चित्रण घराघरांत चालू होतं. मूरच्या रहिवाशाला तो कुठून कुठे निघालाय हे बऱ्याच आधी कळलं. त्या दिवशी निघालेल्यांना मोकळे रस्ते मिळाले. ती सुटका लोकांच्या लक्षात राहिली. जमिनीखाली जा, नाही तर वाट सोडून पळा, हे त्या भागातलं शहाणपण बनलं. पण ते शहाणपण थोड्यांनी वापरलं तोवरच खरं होतं. सगळ्यांनी एकाच वेळी वापरायचं ठरवलं की ते खोटं पडतं.

हिशोब साधा आहे. महामार्गाच्या एका मार्गिकेवरून, सगळं सुरळीत असेल तेव्हा, तासाला दोन हजारांच्या आसपास गाड्या जातात. म्हणजे पंधरा मिनिटांत पाचशे. ओक्लाहोमा सिटीचा महानगर परिसर तेव्हा 13 लाख लोकवस्तीचा होता. टोर्नॅडोचा इशारा सरासरी 13 मिनिटं आधी मिळत असे. ताशी 50 किलोमीटरने सरकणारं वादळ तेवढ्यात 11 किलोमीटर पुढे येतं. लाखभर माणसं जरी गाडीने निघाली, तरी त्यांना वाहून न्यायला जेवढ्या मार्गिका लागतील, तेवढ्या जगातल्या कुठल्याही शहराकडे नाहीत. शेवटच्या घटकेला पळण्याचा उपाय शहराला वाचवू शकत नाही, आणि पळणाऱ्या प्रत्येकाला मात्र वाटत असतं की आपण एकटेच पळतोय. हा दोष कुणा एकाच्या बुद्धीचा नव्हे. स्वतःच्या गाडीच्या काचेतून बाकीचे चाळीस हजार दिसत नाहीत, आणि ते दाखवून देणं हे इशारा देणाऱ्यांचं काम होतं.

चक्रीवादळाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि हा फरक अनेकदा पुसला जातो. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळाची वर्दी दोन-चार दिवस आधी मिळते, म्हणून तिथे स्थलांतर शक्य असतं. तरीसुद्धा ते रस्त्याच्या भरवशावर सोडलं की काय होतं, ते सप्टेंबर 2005 मध्ये रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनने पाहिलं. 25 लाखांहून अधिक लोक एकदम निघाले, गाड्या भर उन्हात तासन्‌तास उभ्या राहिल्या, इंधन संपलं. वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली आणि 23 जण होरपळून गेले. त्या पलायनात शंभरावर माणसं दगावली. खुद्द ह्यूस्टनला वादळाने हलकेच सोडलं. ओडिशाने 1999 च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावल्यावर दुसरी वाट धरली. किनाऱ्यालगत पक्के निवारे उभारले, गावकऱ्यांना चालत पोचता येतील असे. 2013 मध्ये फायलिन आलं, तेव्हा दहा लाखांच्या घरात लोक हलवले गेले आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. तिथे गरिबाकडे गाडी नव्हतीच. त्यामुळे नियोजन पायांचा विचार करून झालं.

आता 26 एप्रिल 1991 या एका दिवसाकडे वळतो. मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका दिवस वाटतो. त्या दिवशी कॅन्ससमध्ये अनेक टोर्नॅडो झाले. त्यांपैकी एक कॅन्सस टर्नपाइक या महामार्गाला आडवा आला. एका दूरचित्रवाणी वाहिनीचा चमू आणि इतर काही प्रवासी गाड्या सोडून पुलाखाली धावले, तुळयांच्या बेचक्यात चढून बसले. कॅमेरा चालू होता. गर्जना झाली, धूळ उडाली, आणि सगळे सुखरूप बाहेर आले. ही चित्रफीत जगभर दाखवली गेली. मात्र तो टोर्नॅडो त्या जागी दुबळा होता, थेट पुलावरून गेला नव्हता आणि त्या पुलाखाली माणसाला धरून बसता येईल अशी रचना होती, जी बहुतेक पुलांना नसते. या गोष्टी चित्रफितीत कुणी सांगितल्या नाहीत. लोक एवढंच शिकले, की टोर्नॅडो आला की पुलाखाली जायचं. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात तीन निरनिराळ्या पुलांखाली तीन माणसं मेली आणि कित्येकांना भयंकर जखमा झाल्या. पुलाखालच्या निमुळत्या जागेत वारा आणखी जोर धरतो. उतारावर वर चढून बसावं, तर जमिनीपासून जितकं उंच जाल तितका वारा जास्त. शिवाय तिथे थांबलेल्या गाड्या मागून येणाऱ्यांची वाट अडवतात आणि मग त्यांनाही पळता येत नाही.

त्याच दिवशी, त्याच कॅन्ससमध्ये, अँडोव्हर गावातल्या गोल्डन स्पर या मोबाइल होमच्या वसाहतीवर सर्वांत वरच्या श्रेणीचा टोर्नॅडो आला. गावाचा भोंगा बंद पडला होता. पोलिसांनी गाडी वसाहतीच्या गल्ल्यांतून फिरवत लोकांना ओरडून सांगितलं. वसाहतीत जमिनीखाली बांधलेला एक सामाईक निवारा होता. दोनशेच्या आसपास माणसं तिथे धावत गेली. वर वसाहत भुईसपाट झाली, 13 जण गेले, आणि निवाऱ्यातली माणसं जिन्याने वर आली. हे आतून टिपायला तिथे वाहिनीचा कॅमेरा नव्हता, म्हणून ते जगभर फिरलं नाही. त्या दिवसाचा खरा धडा तळघरात होता. लोकांनी उचलला तो पुलाखालचा. त्यानंतर कॅन्ससपासून अलाबामापर्यंत प्रत्येक मोबाइल होम वसाहतीत असा निवारा झाला असता, तर पुढची शेकडो माणसं वाचली असती, असं मी म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती करत नाही. अमेरिकेत टोर्नॅडोने घरात मरणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं मोबाइल होममधली असतात, आणि अशा घरांत राहणारे मात्र लोकसंख्येत थोडे आहेत. ही घरं हलक्या चौकटीवर उभी असतात, जमिनीला धड जखडलेली नसतात, आणि राहणारे बहुतेक कमी पगाराचे कामगार, निवृत्त आणि एकटे म्हातारे. त्यांना सरकारी सल्ला असा, की इशारा मिळताच घर सोडा आणि पक्क्या इमारतीत जा. कुठल्या इमारतीत? रात्री दोन वाजता कुठली उघडी असते? हा सल्ला ऐकणारा माणूस गाडीत बसण्यावाचून दुसरं करू काय शकतो? एकाच खात्याने एका वाक्यात घर सोडा म्हणायचं आणि दुसऱ्या वाक्यात गाडीने पळू नका म्हणायचं. मधली जागा कुणीतरी बांधून द्यायला हवी, ती बांधलेली नाही. मिनेसोटा राज्याने 1988 पासून नव्या वसाहतींना निवारा बंधनकारक केला आहे. तिथे जमलं, ते टोर्नॅडोंनी सर्वाधिक झोडपलेल्या राज्यांत का जमू नये, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

पक्की खोली कशी बांधायची, हे कोडं केव्हाच सुटलं आहे. 11 मे 1970 रोजी टेक्सासमधल्या लबक शहरात टोर्नॅडोने 26 बळी घेतले. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाचे अभियंते पडझड पाहत फिरले, तेव्हा त्यांना वारंवार एकच दृश्य दिसलं : घराच्या बाहेरच्या भिंती गेल्या, छप्पर गेलं, पण मधोमध असलेली छोटी खोली, न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली, उभी आहे. मग तीच खोली मुद्दाम मजबूत का बांधू नये? त्यांनी प्रयोगशाळेत हवेच्या दाबावर चालणारी तोफ उभारली. सुमारे सात किलोचा लाकडी वासा त्या तोफेतून ताशी 160 किलोमीटर वेगाने भिंतीवर मारायचा आणि भिंत फुटते का बघायचं. साध्या विटांची भिंत पार होते. लोखंडी सळया आणि काँक्रीट भरलेली टिकते. दाराची कडी आणि बिजागरं हीच बहुतेकदा आधी हार मानतात, म्हणून दार तीन ठिकाणी अडकवणारं करावं लागतं. या कामातूनच 1998 मध्ये अमेरिकी सरकारने घरातल्या सुरक्षित खोलीचे आराखडे छापून लोकांना दिले. ओक्लाहोमात आता पोलादी पेटी गॅरेजच्या फरशीत पुरतात. वरचं झाकण रुळांवर सरकतं, चार-पाच पायऱ्या उतरून सहा-आठ माणसं बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. महापालिकेकडे तिची नोंद करून ठेवतात, म्हणजे ढिगारा पडलाच तर कुठे उकरायचं हे बचाव पथकाला आधीच ठाऊक असतं.

मूर शहराने 2014 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. नवी घरं ताशी 217 किलोमीटर वाऱ्याला टिकतील अशी बांधली पाहिजेत, असा नियम केला. यावर एक आक्षेप ठरलेला असतो : सर्वांत वरच्या श्रेणीच्या टोर्नॅडोपुढे कुठलंच लाकडी घर टिकत नाही, मग खर्च कशाला? पण अशा टोर्नॅडोतही टोकाचे वारे त्याच्या पट्ट्याच्या लहानशा भागालाच लागतात. बाजूच्या बहुसंख्य घरांना मध्यम वारे लागतात, आणि तिथे गॅरेजचं दार आणि छपराची पकड टिकली की घर टिकतं. घर पायापासून उखडलं जाईल, जमिनीखाली नसाल तर संपलात, हे वाहिन्यांवरून वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. ते बहुसंख्य घरांच्या बाबतीत चुकीचं आहे, आणि त्यानेच माणसं पुरेशा सुरक्षित न्हाणीघरातून उठून गाडीत गेली. भीतीची मात्रा वाढवली की लोक इशारा गांभीर्याने घेतील, असा हिशोब असतो. 31 मे ला त्यांनी तो गांभीर्याने घेतला होता.

मूरमध्ये सार्वजनिक निवारा नाही, आणि तो का नाही याचं कारण महापालिका उघडपणे देते. इशाऱ्यानंतर लोक तिकडे गाडीने निघतील आणि वाटेतच सापडतील, त्यापेक्षा बऱ्यापैकी बांधलेल्या घरात थांबलेलं बरं. हा युक्तिवाद मला पटतो, पण अर्धाच. शहरभरातून लोकांनी गाड्या हाकत गाठायचा एकच मोठा निवारा नको, हे बरोबर. त्यावरून एकही नको असं ठरत नाही. पाच मिनिटं चालून गाठता येतील असे अनेक छोटे निवारे, शाळेत, चर्चमध्ये, भाड्याच्या इमारतींच्या आवारात, का नकोत? अलाबामात 2007 मध्ये एंटरप्राइझ इथल्या माध्यमिक शाळेत आठ विद्यार्थी गेले. त्यानंतर त्या राज्याने नव्या शाळांना सुरक्षित जागा सक्तीची केली. अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात नव्या शाळांना निवारा हवाच, असं बांधकामाच्या आदर्श संहितेतही 2015 पासून आहे. जुन्या शाळांचं मात्र अजून बरंचसं तसंच आहे, आणि मुलं शिकतात ती जुन्याच शाळांत. शाळेत निवारा नाही हे आईबापांना माहीत असतं, म्हणून आकाश भरून आलं की ते मुलांना आणायला गाडी काढतात. त्या गाड्याही त्याच रस्त्यावर येतात.

आपल्याकडच्या अनेक वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. तो तितका दूर नाही. डॅलसच्या परिसरात, आयर्विंग, प्लेनो, फ्रिस्को या उपनगरांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथली माती आपल्या काळ्या मातीसारखीच पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी आहे, म्हणून घरांना तळघर सहसा नसतं. 26 डिसेंबर 2015 च्या रात्री, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, डॅलसच्या पूर्वेला गारलँड आणि रौलेट इथे टोर्नॅडो झाला. दहा माणसं गेली. बहुतेक जण महामार्ग 30 च्या मोठ्या चौकाजवळ गाड्यांमध्ये होते. ते पळत नव्हते, नेहमीसारखे कुठून तरी कुठे तरी निघाले होते. अंधारात रस्त्यावर असणं एवढंच त्यांचं दुर्दैव.

म्हणून तिथे राहणाऱ्यांना आणि ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांना सांगतो. घर घेताना किंवा भाड्याने बघताना शाळेचा दर्जा आणि ऑफिसचं अंतर विचारता, तसं हेही विचारा : टोर्नॅडो आला तर या घरात, या इमारतीत बसायची जागा कुठली? सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेली, बाहेरच्या भिंतीपासून जास्तीत जास्त आतली खोली आजच ठरवून ठेवा. मुलांची सायकलची हेल्मेटं आणि बूट तिथेच ठेवा. वसंतात वादळाचा दिवस आहे असं सकाळीच कळलं, तर संध्याकाळचा लांबचा प्रवास टाळा. घर कच्चं असेल तर निघा, पण वादळ अजून दूर असताना, दिवसाउजेडी, आणि कुठे जायचं ते ठरवून. भोंगा वाजल्यावर गाडीची किल्ली शोधू नका. रस्त्यातच गाठलं गेलात, तर जवळचं पेट्रोल पंपाचं दुकान किंवा हॉटेल गाठा आणि त्याच्या आतल्या स्वच्छतागृहात बसा. पुलाखाली थांबू नका.

आणि तुम्ही तिथले मतदार असाल, तर महापालिकेच्या आणि शाळा मंडळाच्या सभेत उभं राहून विचारा, की आमच्या मुलांच्या शाळेत निवारा कधी होणार आणि पलीकडच्या मोबाइल होमच्या वसाहतीत कधी होणार. तिथे राहणाऱ्यांना सभेला यायला बहुधा सुटी मिळत नाही, म्हणून त्यांच्या वतीनेही विचारा.